एक्केचाळीस नंबरची जोडी

पंचफुलाबाईनं त्या सायकलीला पहिल्यांदा हात लावला तो एका हातानं उचलून पाहायला. सायकल उचलली गेली. "इतकी हलकी चीज कामाची नसते," असं म्हणून ती पुन्हा आपल्या बाजेवर जाऊन बसली.

सायकली दोन होत्या. जाड टायरच्या, दगडगोट्यांतून चालणाऱ्या, अकोल्याच्या एका क्लबनं महिनाभर वापरायला दिलेल्या. एक पंचफुलाबाईच्या धाकट्या लेकीकडे, पायलकडे; दुसरी सुनेकडे, भावनाकडे. नणंद-भावजय परतवाड्याच्या शर्यतीत उतरणार होत्या. पंच्याऐंशी किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त सातपुड्याच्या पायवाटांनी. शर्यत जोडीची होती. दोघींनी प्रत्येक चौकीवर सोबत दिसायचं, आणि वेळ धरायची ती मागच्या चाकाची. पुढची कितीही वाऱ्यासारखी गेली तरी मागची येईस्तोवर तिला काही किंमत नाही.

पंचफुलाबाईला हे कळायला अडचण आली नाही. तिसरी शिकलेली बाई, पण पंचवीस वर्षं पातूरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम होती. वीस बाया कामाला लावणाऱ्या बाईला जोडी म्हणजे काय हे कोणी सांगायची गरज नव्हती. नवरा बुधाजी होता तेव्हाही घर तिच्या शब्दावर चालायचं, तो गेल्यावरही चालतं. मुलगा अश्विन, भावनाचा नवरा, अमरावतीला वीज मंडळात आहे, तो महिन्यातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तिचंच ऐकून जातो.

भावनाला जोडीला घेतलं त्याचं कारण दुसरी कोणी मिळाली नाही. पायलसोबत अमरावतीच्या खेळाच्या कॉलेजात चार पोरी होत्या. एकीचं लग्न झालं, एकीचं ठरलं, एक पोलिसात लागली आणि चौथीच्या बापानं फोन उचलणं सोडलं. राहिली भावना. ती आरोग्य उपकेंद्रावर नर्स. नोकरी लागल्यापासून नऊ वर्षं लसीचा डबा कॅरिअरला बांधून चार गावं सायकलनं करत होती. दम होता तिच्यात, वेग नव्हता.

"भावना सुई टोचाले जाते तशी जाईन," पंचफुलाबाई म्हणाली. "सावकाश, एकेक दार वाजवत."

"जाईन तशीच आत्याबाई," भावना म्हणाली, "पन पोचीन."

पायलच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बायांत पहिल्या आलेल्या जोडीला दोन नव्या सायकली मिळणार होत्या आणि ऑक्टोबरात हिमाचलच्या मोठ्या शर्यतीत जागा. क्लबच्या सायकली महिनाअखेर परत करायच्या होत्या. सायकल गेली की पायलजवळ उरणार होती खेळाची पदवी आणि एका शाळेतली आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी. हे तिनं घरात एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे मुनव्वरच्या जीपनं सगळे निघाले. मुनव्वर पातूरचा, वीस वर्षं सवारी जीप चालवणारा. सायकली टपावर बांधल्या.

"माय, पुढं बसा," तो म्हणाला.

"पुढं बसून काय? गाडी काय मले चालवाची हाय?" असं म्हणून पंचफुलाबाई पुढंच बसली, आणि अकोटपर्यंत त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगत राहिली.

परतवाड्याला शाळेच्या मैदानात गर्दी होती. नागपूरचे, पुण्याचे, इंदूरचे गडी घट्ट कपडे घालून उड्या मारत होते. "एवढ्या थंडीत हे लोकं अर्धे उघडे काहून हाय?" पंचफुलाबाईनं विचारलं. मुनव्वर म्हणाला, "माय, ये अमीर लोग है. इनको ठंड नहीं लगती." बायांच्या जोड्या नऊ होत्या, एक्केचाळीस ते एकोणपन्नास. सगळ्यांना सारखे नारिंगी बनियन. आमच्याकडच्या संत्र्यांचा मान, असं माइकवर सांगितलं गेलं. पायल आणि भावना एक्केचाळीस.

माइक होता देवमन सरांच्या हातात. अकोल्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर, या शर्यतीचे मुख्य पंच. त्यांनी नियम वाचले. दोघींत दोन मिनिटांहून जास्त अंतर नको. बाहेरच्या माणसाची मदत फक्त डोंगरावरच्या चौकीवर. आणि एकदा वाटेला लागलं की उलट यायचं नाही; वाट अरुंद, वळणं आंधळी, उलट येताना दिसलं की वेळेत वीस मिनिटं जास्त धरली जातील. त्या वेळी पायलच्या सायकलीला नंबर बांधणं चाललं होतं, भावना बुटाची लेस बांधत होती, आणि पंचफुलाबाई चहावाल्याला चहात दूध किती असतं ते समजावत होती. माइकवरचं जसं सगळ्यांना ऐकू येतं तसं त्यांनाही आलं.

साडेसहाला शर्यत सुटली. जीप डांबरी रस्त्यानं फिरून डोंगरावरच्या चौकीवर गेली. तिथं दोन टेबलं, पाण्याचे ड्रम, केळीचे घड आणि नंबर टिपणारी दोन माणसं. पंचफुलाबाईनं पिशवीतून मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि शेंगदाण्याचे लाडू काढून ठेवले. बटाटे पायलनं सांगितले होते, लाडू तिनं आपल्या मर्जीनं आणले होते. मग ती टेबलापासून दूर, कड्याच्या काठावरच्या पळसाखाली जाऊन बसली. तिथून खालच्या घाटाची तीन वळणं दिसत होती. चौकीवाल्यांना ती वळणं दिसत नव्हती, मधे उंचवटा होता.

"माय, इकडं या, खुर्ची हाय," मुनव्वरनं हाक मारली.

"खुर्चीवरून काय केळी पायत बसू?"

अकराच्या सुमाराला खालच्या वळणावर नारिंगी दिसलं. पायल होती. पहिली पुरुषांची टोळी कधीच वर येऊन पुढं गेली होती, पण बायांत ही पहिली. ती उभी राहून पायडल मारत होती, मान खाली, खांदे हलत होते. पंचफुलाबाईनं तिच्या मागे पाहिलं. भावना दुसऱ्या वळणाच्याही खाली होती. बसूनच चालवत होती, उपकेंद्रातून निघाल्यासारखी.

पायल चढाच्या टोकावर आली. चौकी तिथून ऐंशी-शंभर पावलं. इथं थांबायचं, मागच्याची वाट पाहायची, सोबत आत जायचं, असं आधी आलेल्या पुरुषांच्या जोड्या करून गेल्या होत्या. पायल थांबली, खाली पाहिलं, बाटली तोंडाला लावली. मग तिनं सायकल वळवली आणि आली त्याच वाटेनं खाली निघाली.

पंचफुलाबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरंच वाटलं. तिच्या टोळीत हीच रीत होती. दोघी बाया शेजारशेजारच्या तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला लागायच्या. एकीचा हात चपळ, तिचं तास आधी संपायचं. तिनं शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून तंबाखू मळायची नाही. मागचीच्या तासात पलीकडच्या टोकानं शिरायचं आणि वेचत वेचत तिच्या सामोरं जायचं. जिथं भेटतील तिथं तास संपलं, मग दोघींनी मिळून बाहेर यायचं. धुऱ्यावर बसून राहणारीला पंचफुलाबाई दुसऱ्या दिवशी कामावर बोलवायची नाही. मग ती कितीही चपळ असो. पायल बारा वर्षांची असल्यापासून सुटीत या टोळीत होती. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तासाला लागली की आपोआप येत होतं.

मधल्या वळणावर पायल आंधळ्या बाजूनं खाली आली तेव्हा समोरून एक गडी वर चढत होता. त्यानं एकदम सायकल बाजूला ओढली आणि घाणेरीच्या झुडपात पडला. पायलनं वळून पाहिलं, हात वर केला, पण थांबली नाही. भावनाजवळ जाऊन तिनं सायकल फिरवली, भावनाच्या पाठीवर एक हात ठेवला आणि तिला ढकलत वर आणू लागली. दोघी चौकीवर चाकाला चाक लावून आल्या. टिपणाऱ्यानं लिहिलं: एक्केचाळीस, सोबत.

"बटाटे खा," पंचफुलाबाई म्हणाली.

"सत्तेचाळीस कुठं हाय?" पायलनं विचारलं.

"अजून आल्या नाई. लाडू घे."

"लाडू नको माय."

भावनानं दोन लाडू खाल्ले. सत्तेचाळीसवाल्या नऊ मिनिटांनी आल्या. धारणीकडच्या दोघी, आश्रमशाळेतून आलेल्या, एक उंच, एक बुटकी. त्यांच्यासाठी चौकीवर कोणी आलेलं नव्हतं. पंचफुलाबाईनं उरलेले लाडू त्यांच्यापुढे धरले. बुटकीनं घेतला, उंच घाईत होती.

खालच्या उतारावर फरक थोडा वाढला. परतवाड्याच्या मैदानात पायल आणि भावना बायांत पहिल्या आल्या, सत्तेचाळीसच्या अकरा मिनिटं आधी. तिसरी जोडी त्यांच्याही चार मिनिटं मागून. पायलनं सायकल खाली ठेवली आणि गवतात आडवी झाली. मुनव्वरनं फोटो काढले. ज्या दोन सायकली बक्षीस होत्या त्या स्टेजवर उभ्या होत्या, हँडलला फिती बांधलेल्या. पायल डोकं वर करून दोनदा तिकडे पाहून घेत होती.

तेवढ्यात तो घाणेरीतला गडी पंचांच्या टेबलापाशी आला. कोपर सोललेलं होतं. घाटात एक बाई उलटी खाली आली, अंगावर आली असती तर काय झालं असतं, असं त्याचं म्हणणं. नंबर विचारला. नंबरवर चिखल होता, पुढं चार दिसला. किती वाजता? अकराच्या आसपास. देवमन सरांनी वही पाहिली आणि त्या वेळच्या दोन जोड्या बोलावल्या. एक्केचाळीस आणि सत्तेचाळीस.

गड्यानं चौघींकडे पाहिलं. चौघींचे बनियन एक, चेहरे धुळीनं सारखेच. मग त्यानं धारणीच्या उंच पोरीकडे बोट केलं. "बहुतेक हीच. उंच होती."

"मी नाही सर," ती म्हणाली.

"तुमच्याकडून वर चौकीवर कोणी आलं नव्हतं का?" सरांनी विचारलं.

"आमच्यासंगं कोणी आलंच नाही सर."

देवमन सरांनी पायलकडे पाहिलं. "पायल, तुम्ही मागं आला होतात का?"

पायलनं स्टेजकडे पाहिलं नाही, खाली पाहिलं. "नाही सर. आमी सोबतच होतो. चौकीवर लिहिलं हाय."

ते खरंच लिहिलेलं होतं. पंचफुलाबाई चार पावलांवर उभी होती. तिनं भावनाकडे पाहिलं. भावना हेल्मेटचा पट्टा उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

देवमन सरांनी पेन उघडलं. "मग सत्तेचाळीसला वीस मिनिटं. वर कोणी आणखी पाहिलं असेल तर सांगा."

"मी पायलं," पंचफुलाबाई म्हणाली.

सर तिच्याकडे वळले. "आजी, तुम्ही कोण?"

"एक्केचाळीसची माय. अन् दुसरीची सासू. खाली आली ते हे हाय, माही पोरगी. त्या पोरीवर कायले लिहून राहिले? ते बिचारी नऊ मिनिटं मांगं होती."

"माय," पायल म्हणाली.

"माय काय? आली होती का नाई आली होती?"

गडी आता पायलकडे नीट पाहून मान हलवायला लागला. देवमन सरांनी चष्मा काढला. त्यांना हे आवडलं नसावं. कोणत्याही पंचाला साक्षीदार घरचाच निघालेला आवडत नाही.

"नियम सकाळीच सांगितला होता आजी. उलट यायचं नाही."

"सांगतला असन. मी चहा पिऊन राहिली होती. पन एक इचारते. जोडीची शर्यत हाय म्हनता अन् मांगच्या बाईले आनाले जाऊ नको म्हनता. मंग जोडी कायची? माया टोळीत असं न करनारीले मी हाकलून लावत होती."

"तिथं समोरून सायकल येत नाही."

पंचफुलाबाईनं त्या गड्याचं कोपर पाहिलं. "हे बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "लिवा मंग वीस."

"तुमचं नुकसान होईल."

"ते मले समजते. मी तिसरी शिकली, पन वीसातून अकरा काढता येते मले."

वीस मिनिटं धरल्यावर एक्केचाळीस नंबरची जोडी तिसरी झाली. सायकली धारणीच्या पोरींना मिळाल्या. बुटकीनं स्टेजवरच सायकलीवर बसून पाहिलं, तिचे पाय पुरले नाहीत, लोक हसले, तीही हसली. पायल आणि भावनाला एकेक हेल्मेट, प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली मिळाली. फोटोत पायल कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

जीप निघाली तेव्हा ऊन उतरत होतं. अंजनगाव आलं. मुनव्वरनं गाणं लावलं आणि आपणच बंद केलं.

मग पायल मागून म्हणाली, "तू काहून बोलली?"

"त्यानं इचारलं, कोनी पायलं काय. मी पायलं होतं."

"तुले कोनी नाव घेऊन इचारलं नव्हतं."

"तुले तर नाव घेऊन इचारलं होतं. तू काय सांगतलं?"

पायलनं तोंड खिडकीकडे केलं. पंचफुलाबाईचं अजून संपलं नव्हतं. ती मागे वळली. "अन् तू व भावना. तुले तोंड नव्हतं काय? तुह्यासाठीच तर आली होती ना ते खाली."

"तोंड होतं आत्याबाई," भावना म्हणाली. "तुमच्या पोरीविरुद्ध मी तथी बोलली असती, तर घरी तुमी मले काय म्हनलं असतं?"

पंचफुलाबाईनं त्याचा विचार केला. काय म्हटलं असतं ते तिला शब्दाशब्दासकट माहीत होतं, आणि ते एका दिवसात संपलं नसतं हेही. ती पुढे वळून बसली.

"मुनव्वर, समोर गड्डा हाय," ती म्हणाली.

"दिसला माय."

महिनाअखेर आली. मुनव्वर जीप घेऊन येतो म्हणाला, पायलनं नको म्हटलं. तिनं आणि भावनानं दोन्ही सायकली पातूरहून अकोल्याला चालवतच नेल्या, क्लबात जमा केल्या आणि एसटीनं परत आल्या. भावना म्हणे क्लबवाल्यांना बटाट्याऐवजी लाडूच बरे असं सांगत होती. पायल घरात सगळ्यांशी बोलत होती. भावनाशी, तिच्या पोरांशी, फोनवर अश्विनशी. आईशी नाही. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायची. पंचफुलाबाईनंही आपण होऊन एक शब्द काढला नाही. तिच्या घरात अबोला धरणाऱ्या माणसाला कोणी मनवत नसे. तो आपला आपण सोडतो की नाही ते पाहिलं जायचं.

गावात मात्र लोक विचारत होते. पंचफुलाबाई कोणापासून काही लपवत नव्हती. बस स्टँडवर विचारलं तिथं सांगितलं, विहारात विचारलं तिथं सांगितलं. पहिल्या आल्या होत्या, पोरगी मागं आली, वीस मिनिटं धरली, तिसऱ्या झाल्या. काही बाया म्हणाल्या, चूप राहिली असती तर काय गेलं असतं. त्यांना ती म्हणाली, "त्या धारणीच्या पोरीचं गेलं असतं."

एक दिवस दुपारी आशाबाई आली. तिच्या टोळीतली जुनी बाई, सगळ्यात मागून तास काढणारी, जिच्या सामोरं पंचफुलाबाई स्वतः कितीतरी वेळा गेली होती. आशाबाई दारात बसली, तिला सगळं पहिल्यापासून हवं होतं. पंचफुलाबाई सांगायला लागली. पायल आतल्या खोलीत शाळेच्या पोरांच्या पाठीचे नंबर शिवत होती.

"डोंगर चढून वर आली," पंचफुलाबाई म्हणाली. "चौकी समोरच. हे सारे थांबते तथी. हे नाई थांबली. उलटी वयली, अन् दोनशे पावलं खाली गेली भावनाले आनाले."

आतून सुईदोरा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दोनशे पावलं नाई," पायल म्हणाली. "तीनशे साठ मीटर होतं. घड्याळात हाय अजून."

महिनाभरात आईला उद्देशून हे पहिलंच होतं. पंचफुलाबाईनं मागे पाहिलं नाही.

"आयकलं?" ती आशाबाईला म्हणाली. "तीनशे साठ म्हनते."

"उलटं काहून गेली व पोरी? मालूम नव्हतं तुले?" आशाबाईनं आत डोकावून विचारलं.

पायल उठून दारापर्यंत आली. "मालूम होतं," ती म्हणाली. "सकाळी आयकलं होतं. वर आली तवा ध्यानातच नाई राह्यलं. वहिनी खाली दिसली अन् सायकल वयली. त्या मानसाले पाडलं तवा आठवलं."

"मंग?"

पायलनं आईकडे एकदा पाहिलं. पंचफुलाबाईनं पसरलेले पाय आखडून घेतले, दारात जागा केली, आणि आशाबाईला पुढचं पायललाच सांगू दिलं.